मागणी क्रमांक तीन

यादी मंगळवारी सकाळी साडेदहाला वॉर्ड ऑफिसच्या भिंतीवर लागली आणि अकरा वाजेपर्यंत हणमंतरावांनी ती तीनदा वाचली. पहिल्यांदा चष्मा लावून, दुसऱ्यांदा चष्मा पुसून, तिसऱ्यांदा ओळीवर बोट ठेवून. यादी घर योजनेतल्या दुबार अर्जदारांची होती. अनुक्रमांक एकेचाळीस, भामा. अनुक्रमांक बेचाळीस, भाग्यलक्ष्मी. दोघींचा पत्ता एकच, हैदराबादच्या चिक्कडपल्लीतला. फोटोतला चेहराही एकच, फक्त एकीच्या डोक्यावर पदर होता. दोन्ही नावांपुढे सारखाच शिक्का होता: निवड रद्द, दहा वर्षं अपात्र.

या दोघी म्हणजे एकच बाई आहे, हे भिंतीपुढे जमलेल्या तीस-चाळीस लोकांत एकट्या हणमंतरावांना माहीत होतं. दोन्ही अर्ज त्यांनीच भरले होते.

हणमंतराव मूळचे भालकीकडचे. सरकारी ऑफिसात जावक टेबलावर बत्तीस वर्षं काढून दहा वर्षांपूर्वी रिटायर झालेले, आणि अजून भाड्याच्या पोर्शनमध्ये राहणारे. चिक्कडपल्लीतल्या भाडेकरूंची समिती निघाली तेव्हा मसुदे लिहायला कुणी नव्हतं. ते काम त्यांच्याकडे आलं आणि मग सचिवपदही आलं. भामा त्यांच्या गावची. संध्याकाळी मार्केटच्या तोंडाशी ती ज्वारीच्या भाकऱ्यांची गाडी लावायची. नवरा युवराज ऑटो चालवायचा, मुलगी नववीत होती. तिघं एका गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत राहत. खोली घेतली तेव्हा टू-लेटच्या बोर्डावर तिला ‘पेंटहाऊस’ म्हटलेलं होतं. आता मालकानं इमारत बिल्डरला दिली होती आणि दसऱ्यापर्यंत गच्ची रिकामी करायला सांगितलं होतं.

तीन आठवड्यांपूर्वी निवड झालेल्यांच्या यादीत भामाचं नाव आलं होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि मुख्य म्हणजे शहरातच, गाडीपासून दोन बसथांब्यांवर. भामा त्या दिवशी हणमंतरावांच्या पाया पडली होती. त्यांनी मोठेपणा मिरवत म्हटलं होतं, “माझ्या नाही, कागदाच्या पाया पड. कागद नीट असला की काम होतं.”

कागद नीट होता. तोच तर घोळ होता.

भामा हे माहेरचं नाव. लग्नात सासरच्यांनी रीतीप्रमाणे तांदळात नाव लिहून तिची भाग्यलक्ष्मी केली. पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी गेली, तेव्हा गावात आधारचे लोक आले होते. भावानं बहिणीला नेऊन बसवलं आणि भावाच्या तोंडी येणार तेच नाव आलं. हैदराबादला परतल्यावर नवऱ्यानं मतदार यादीत नाव घातलं ते भाग्यलक्ष्मी. अशा रीतीनं बाई एक आणि कागदावर दोन झाल्या. घराच्या अर्जाला ओळखीचा एक पुरावा मागितला होता, आधार किंवा मतदार कार्ड. दुसऱ्या कुणी एक लावून मोकळं झालं असतं. पण हणमंतराव जावक टेबलावरचे. त्यांच्या ऑफिसात एक अलिखित नियम होता: कागदाबद्दल शंका असली की दोन प्रती, दोन वाटा, आणि वर एक खुलाशाचं पत्र. त्यांनी भामाच्या नावाचा पहिला अर्ज ऑफिसच्या खिडकीवर दिला, भाग्यलक्ष्मीच्या नावाचा दुसरा वस्तीतल्या शिबिरात. दुसऱ्याला टाचणीनं पत्र जोडलं: ‘सदर अर्ज पहिल्या अर्जाच्या पुष्टीसाठी असून दोन्ही नावं एकाच महिलेची आहेत.’

शिबिरात अर्ज मोबाइलवर स्कॅन झाले. टाचणी काढून ठेवावी लागते, नाहीतर मशीन अडतं. पत्र टाचणीबरोबर गेलं.

*

“आता हे कुणी केलं म्हणायचं?” त्यांच्या बायकोनं, सुशीलाबाईंनी विचारलं. त्या अंबाडीची भाजी निवडत होत्या आणि वर बघत नव्हत्या. “सरकारनं?”

“तसं नाही म्हणता येणार.”

“मग समितीनं?”

हणमंतरावांनी चष्मा लावला. त्यांच्या हातात योजनेच्या नियमांचं परिपत्रक होतं आणि त्यातला प्रत्येक शब्द त्यांना ओळखीचा वाटत होता. वाटणारच. तो त्यांचाच होता.

समितीनं चैत्रात तीन मागण्या दिल्या होत्या. पहिली: मालक भाडेकरार लिहून देत नाहीत, म्हणून करार नसलेल्या भाडेकरूलाही शेजाऱ्यांच्या साक्षीवर रहिवासी धरा. दुसरी: घरं शहराबाहेर माळावर नकोत, जिथं माणसं राबतात तिथं द्या. तिसरी: दलाल एकेका माणसाचे चार-चार अर्ज घालतात, तेव्हा दुबार अर्ज रद्द करा आणि अशांना दहा वर्षं लांब ठेवा. तिसरी हणमंतरावांची स्वतःची. रात्रंदिवस राबणाऱ्याचं घर दलालाचा मेहुणा घेऊन जातो, याची त्यांना मनापासून चीड होती. पहिल्या दोन मागण्या ‘विचाराधीन’ राहिल्या. तिसरी बाविसाव्या दिवशी मंजूर झाली.

“ज्या मागणीला विटा-सिमेंट लागत नाही ती आधी मंजूर,” सुशीलाबाई तेव्हा म्हणाल्या होत्या. हणमंतरावांना तो टोमणा लागला होता, पण त्यांनी पेढे वाटले होते.

चार वाजता भामा आली. गाडी लावायच्या आधीची वेळ. हाताला पीठ नव्हतं म्हणून ती परकी दिसत होती.

“मामा, लोक म्हणायलेत माझं घर भाग्यलक्ष्मीनं खाल्लं.”

“तसं नाही बाई.”

“मग भाग्यलक्ष्मीचं भामानं खाल्लं का?”

“दोन्ही अर्ज रद्द झालेत.”

“मग खाल्लं कुणी?”

सुशीलाबाईंनी भाजीची चाळणी बाजूला केली. “तुझ्या मामानं. चांगुलपणा करायला गेले. दोन फॉर्म भरले, आणि दोन फॉर्म भरणाऱ्याला शिक्षा काय, तेही यांनीच लिहून दिलं.”

भामानं दोघांकडे पाहिलं. मग म्हणाली, “असू द्या ओ मामी. मामांनी काय मुद्दाम केलं का?” आणि तेवढ्याच स्वरात, “दसऱ्याला किती दिवस राहिलेत?”

“एकोणचाळीस,” हणमंतराव म्हणाले. आकडा त्यांच्याकडे तयार होता.

भामा गेल्यावर त्यांनी परिपत्रक पुन्हा उघडलं. हरकतींची सुनावणी गुरुवारी अकराला. खाली मागणी तीनचं पोटकलम ‘ब’ होतं. दलालानं फसवून किंवा चुकीची वाट दाखवून दुबार अर्ज भरला असेल आणि अर्जदारानं त्याचं नाव लेखी दिलं, तर अर्जदाराचा मूळ अर्ज ग्राह्य धरावा. असा दलाल योजनेच्या कामकाजातून व सुनावण्यांतून कायमचा बाद. आणि त्याखाली व्याख्या: दलाल म्हणजे स्वतः अर्जदार नसताना दुसऱ्याचा अर्ज भरणारी कोणतीही व्यक्ती. ‘कोणतीही’ हा शब्द त्यांनी आग्रहानं घालून घेतला होता, कुणी फटीतून निसटू नये म्हणून.

त्यांनी ते सुशीलाबाईंना वाचून दाखवलं.

“व्याख्या कुणाची?”

“माझीच.”

“मग बसली की अंगाला. शिंप्यालासुद्धा इतकं माप जमत नाही.”

*

समितीचा अध्यक्ष रितेश तिशीतला होता, मोटारसायकलवरून मीटिंगा घेणारा. मराठी बोलायचा, वाचताना अडखळायचा. बुधवारी सकाळी तो आला तो हेल्मेट न काढताच बोलू लागला.

“काका, उद्या बारा वाजता आपला टर्न आहे. मागणी एक आणि दोनवर. पहिल्यांदा योजनेच्या मोठ्या मॅडम स्वतः ऐकणारेत. सहाशे फॅमिलीज. बोलणार कोण? तुम्ही. आणि अकराला तुम्ही स्वतःला दलाल म्हणून लिहून देणार? दिमाग ठिकाने पे है क्या?”

“हेल्मेट काढ आधी.”

त्यानं काढलं. “सिंपल आहे. तो कोपऱ्यावरचा नेट सेंटरवाला. सेंटर बंद करून गावाला गेला, परत येणार नाही. त्याचं नाव द्या. त्याला काय फरक पडतो? भामाक्काचं घर वाचलं, तुम्ही वाचले, मागण्या वाचल्या.”

“त्यानं भरले नाहीत.”

“काका, त्यानं हजार लोकांचे भरलेत!”

“हे दोन नाही भरले.”

“मग म्हणा, भामाक्का आणि तिची जाऊ. दोघी एका घरात राहतात.”

“एकाच चेहऱ्यानं?”

“जुळ्या जावा,” आतून सुशीलाबाई म्हणाल्या. “दोघा भावांनी शोधून आणल्या.”

रितेश हसला नाही. जाताना तो दारात थांबला आणि हळू आवाजात म्हणाला, “काका, माझी आई अकरा वर्षं भाड्यानं राहून राहिली. एकाही कागदावर तिचं नाव नाही. तुम्ही मागणी एक लिहिली तेव्हा मला वाटलं की तिच्यासाठी लिहिली. उद्या तुम्ही नसाल तर मी काय बोलू? मला तर ते नीट वाचताही येत नाही.”

तो गेल्यावर हणमंतरावांनी परिपत्रक परत हातात घेतलं. त्यांना नेहमी वाटायचं, नियम नीट लिहिला की माणसाला गोंधळायचं कारण उरत नाही. इथं नियम नीट होता. खोटं बोलावं तर एक इथं नसलेला माणूस दोषी ठरतो आणि सगळ्यांचं भलं होतं. खरं बोलावं तर एका घराला छप्पर मिळतं आणि सहाशे घरांची अर्जी अडाणी हातात जाते. गप्प बसावं तर मागण्यांचं काम चालू राहतं आणि भामा दसऱ्याला रस्त्यावर येते, तीही त्यांच्याच अक्षरात. यातलं काय बरोबर, हे सांगणारं पोटकलम त्यांनी लिहिलेलं नव्हतं.

संध्याकाळी ते गाडीवर गेले. भामा भाकरी थापत होती, बोलताना तिचा हात थांबत नव्हता. समोर सात-आठ गिऱ्हाइकं उभी होती. कुणी तिला ‘रोट्टेल अक्का’, भाकरीवाली ताई, म्हणत होतं, कुणी ‘लक्ष्मी’. भामा म्हणणारं तिथं कुणीच नव्हतं.

“उद्या एका कागदावर सही करायची,” ते म्हणाले. “दलालाचं नाव मी लिहितो.”

“कुणाचं?”

“माझं.”

भाकरी तव्यावर पडली ती वाकडी पडली. “नक्को मामा.”

“अगं, घर मिळतं.”

“माहेरच्या माणसाला दलाल म्हणून अंगठा देऊ? गावात काय सांगू? भाऊ विचारंल, घर कसं मिळालं गं. म्हणू, हणमंतमामांना चोर केलं अन् मिळालं?”

“चोर नाही. दलाल.”

“तुम्हीच तर म्हणता दोन्ही एकच.”

ते खरं होतं. समितीच्या सभेत ते असं म्हणाले होते आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. तिनं नेहमीप्रमाणे दोन भाकऱ्या कागदात बांधून त्यांच्या हाती दिल्या. दर बुधवारी ती द्यायची. त्यांनी त्या घेतल्या आणि घरी पोचेपर्यंत त्यांना कळत नव्हतं की आज त्या घ्यायला हव्या होत्या की नको.

*

गुरुवारी हॉलमध्ये गर्दी होती आणि पंखे जोरात फिरत होते. सुनावणी घेणाऱ्या मोठ्या मॅडम चाळिशीच्या, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, समोर फायलींचा ढीग. हणमंतरावांनी आधी जाऊन विनंती केली की एकेचाळीस-बेचाळीसची सुनावणी बारानंतर घ्यावी. मॅडम म्हणाल्या, अनुक्रमानंच होईल. हणमंतरावांनी मान हलवली. त्या खुर्चीत ते असते तर तेही हेच म्हणाले असते.

अकरा वाजून वीस मिनिटांनी नाव पुकारलं गेलं. “भामा! भाग्यलक्ष्मी!” भामा उठली. शिपाई तिच्या मागं दुसरी कोण येते ते बघत राहिला.

“चेप्पंडी, सांगा,” मॅडम म्हणाल्या. “दुसरी कुठं आहे?”

“मीच दुसरी,” भामा मोडक्या तेलुगूत म्हणाली. “पहिली पण मीच.”

हॉलमध्ये हशा पिकला. हणमंतराव पुढे झाले आणि ऑफिसातल्या तेलुगूत त्यांनी सगळं सांगितलं: तांदळातलं नाव, बाळंतपण, आधारचे लोक, दोन प्रती, टाचणी. मॅडमनी एकदाही मध्ये थांबवलं नाही. संपल्यावर त्यांनी कपाळ चोळलं.

“म्हणजे फसवणूक नाही?”

“नाही.”

“चूक कुणाची?”

“वाट मी दाखवली. चुकीची. पोटकलम ब.” त्यांनी भरलेला नमुना टेबलावर ठेवला. दलालाचं नाव या रकान्यात त्यांचं नाव होतं, वडिलांच्या नावासकट, सुवाच्य.

मॅडमनी नमुना वाचला, मग त्यांच्याकडे पाहिलं. “तुम्ही समितीचे ना? हे कलम तुम्हीच सुचवलेलं. आणि बाराला तुम्हीच बोलणार आहात.”

“होतो.”

“हे नोंदवलं तर मला तुम्हाला बाहेर काढावं लागेल.”

“कायमचं, असं लिहिलंय.”

“मला माहीत आहे काय लिहिलंय.” त्या थोड्या चिडल्यासारख्या झाल्या. कुणावर, ते त्यांनाही समजलं नसावं. “ठीक. एक रकाना रिकामा आहे. मोबदला काय घेतला?”

“दोन भाकऱ्या. दर बुधवारी.”

“मी ‘काही नाही’ लिहिते.”

“तसं लिहू नका, मॅडम. ज्वारीच्या, दोन, साप्ताहिक. कालही घेतल्या.”

हा माणूस वेडा आहे की आपण, अशा नजरेनं मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं, आणि मग खरंच तसं लिहिलं. नमुना भामापुढे सरकवला. “सही.”

भामा हलली नाही. पेन तिच्यापुढे पडून होतं. मागून रितेश “अक्का” म्हणाला. त्या एका शब्दात कर आणि करू नको दोन्ही होतं. हणमंतरावांनी खाली बघत म्हटलं, “भामा, मुलीची शाळा बघ.”

“कोणत्या नावानं करू?” तिनं मॅडमना विचारलं. “एका नावानं केली तर तुम्ही म्हणणार दुसरीची राहिली. अंगठा घ्या, मॅडम. तो तरी एकच आहे.”

अंगठा घेतला गेला. मॅडमनी शेरा लिहिला आणि वाचून दाखवला: तारखेनं पहिला तो मूळ अर्ज, म्हणून भामाचं घर कायम. भाग्यलक्ष्मी दहा वर्षं अपात्र.

“म्हणजे भाग्यलक्ष्मीला त्या घरात राहता येणार नाही?” भामानं विचारलं.

“अपात्र म्हणजे अर्ज करता येणार नाही.”

“राहता येईल?”

मॅडमनी शिपायाकडे पाहिलं, शिपायानं छताकडे. “पाहुणी म्हणून येऊ दे तिला,” त्या शेवटी म्हणाल्या आणि फाईल मिटली. मग आवाज बदलून, “हणमंतरावगारू, तुम्हाला बाहेर थांबावं लागेल.”

त्यांनी मागण्यांची फाईल रितेशच्या हातात दिली. कठीण शब्दांखाली पेन्सिलनं रेघा मारून ठेवलेल्या होत्या. ते काम त्यांनी पहाटे केलं होतं. रितेशनं फाईल घेतली पण त्यांच्याकडे पाहिलं नाही.

बाहेर व्हरांड्यात एक बाकडं होतं. बारा वाजले तसा आत रितेशचा आवाज सुरू झाला. दार लोटलेलं होतं आणि पंख्यांची घरघर होती. ‘करारनामा नसलेल्या’ इथपर्यंत ऐकू आलं, मग अडखळणं, मग शांतता. हणमंतराव पुढचा शब्द ओठांतल्या ओठांत म्हणाले. आत कुणीच तो म्हटला नाही. मग एका बाईचा आवाज आला, रस्त्यावरच्या गिऱ्हाइकाला हाक मारायची सवय असलेला. भामा बोलत होती. तेलुगू, मराठी, दख्खनी, जे हाताला येईल ते. पत्रा, अकरा महिने, मालक, पुन्हा पत्रा, एवढं तुटक तुटक कळलं. मसुद्यात यातलं काहीच नव्हतं. मध्येच मोठा गलका झाला. तो टाळ्यांचा होता, भांडणाचा होता, की सुनावणी संपून लोक खुर्च्या सरकवत होते, हे बाहेरून ठरवता येईना. ते उठले, दारापर्यंत गेले, आणि आत डोकावणं हे कामकाजात भाग घेणं होतं का, या शंकेनं परत फिरले.

बाकड्यावर तोवर एक बाई येऊन बसली होती. पन्नाशीची, काळा बुरखा, मांडीवर कागदांनी फुगलेली पिशवी.

“भाई, दलाल आपिच हैं क्या? अंदर नाम बोले.”

हणमंतराव तिच्या शेजारी टेकले. नाही म्हणणं खोटं होतं. हौ म्हणणं कसं ते कळत नव्हतं.

“मेरा भी फारम भर देव ना,” ती म्हणाली. “वो अक्का को घर मिल गया ना? सब बोल रें, इनों भरे तो होता.”

“मुझे मना है, अम्मा. अबिच बाहर निकाले.”

“तो बाहरिच तो बैठे हैं.”

आत गलका अजून चालू होता. त्यांनी खिशातून पेन काढलं. नुसतं बघण्यात काही हरकत नसावी, एकच प्रत, दुसरी कोणत्याही परिस्थितीत नाही.

“नाम बोलो.”

बाईनं पिशवीतून दोन कार्डं काढली, एक या हातात, एक त्या हातात धरलं, आणि दोन्हीकडे आळीपाळीनं बघत विचारलं, “कौनसा वाला?”